सोडियमच्या दिव्याखालचा वाद

मंदा,

वाद अर्धवट टाकून उठायची तुला सवय नव्हती. स्टाफरूममध्ये निघालेला मुद्दा तू कॉलेजच्या गेटपर्यंत, तिथून रिक्षास्टँडपर्यंत आणि पुढे अंबरनाथला माझ्या घराच्या पायरीपर्यंत ओढत आणायचीस. मग बदलापूरला पोचायला उशीर झाला की खापर माझ्यावर फोडायचीस. आमचे हे दार उघडून म्हणायचे, "आत या, बसून भांडा. चहा टाकतो." या वेळी मात्र तू मुद्दा तसाच ठेवून गेलीस. तुला जाऊन अजून महिना व्हायचाय, आणि मी भाजी निवडताना, वर्गात हजेरी घेताना मनातल्या मनात तुला उत्तरं देतेच आहे.

कॉलेजात तुझी शोकसभा झाली. तुझं शिक्षण, नोकरीची वर्षं, विद्यार्थ्यांवरचं प्रेम, सगळं सांगून झालं. कुणीतरी तुला मनमिळाऊ म्हणालं. मनमिळाऊ! मी तोंडावर रुमाल धरला. लोकांना वाटलं, शैला मॅडम रडतायत. एका प्राध्यापिकेने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मग मात्र मला खरंच रडू आलं.

आपला वाद एकच होता. एखादा पुष्कळ काळ टिकला, तर तो पुढेही टिकेल असं म्हणता येतं का? तू म्हणायचीस, नाही, टिकल्याचा हिशेब कुणी ठेवत नाही. मी म्हणायचे, ठेवतात. सुरुवातीला हे सगळं तुझ्या प्रॅक्टिकलपुरतं होतं. पुढे ते तुझ्या जिवावर आलं, आणि मग मला तो वाद काहीही करून जिंकायचा होता.

सुरुवात तुझ्या डार्करूममध्ये झाली. भौतिकशास्त्राच्या लॅबच्या टोकाला, खिडक्यांना काळे कागद डकवलेली ती खोली. आमच्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये सडक्या अंड्यांचा वास भरला की मी तिथे पळून यायचे. आमच्याकडे खिडकी उघडायची सोय नव्हती, कारण बाहेर वालधुनी. उल्हासनगरात तेव्हा जीन्स रंगवण्याचे धंदे वाढत होते आणि नदीला आज कुठला रंग आलाय यावर वास ठरायचा. तुझ्याकडे निदान वास नव्हता. तू सोडियमचा दिवा लावून मुलांना नुसतं बसवून ठेवायचीस. दिवा आधी लालसर पेटायचा, मग सावकाश पिवळा व्हायचा, आणि थोड्या वेळाने त्या खोलीत पिवळ्याशिवाय रंगच उरायचा नाही. माझी लालभडक साडी तिथे मळकट काळी दिसायची. तू मुलांना ती दाखवायचीस, आणि मी अंग चोरून कोपऱ्यात बसायचे.

"या उजेडात काय चाललंय?" तू विचारायचीस आणि स्वतःच सांगायचीस. सोडियमचा अणू ऊर्जा घेऊन वरच्या पायरीवर चढतो. तिथे त्याला कायमचं राहता येत नाही. तो खाली येतो आणि येताना प्रकाशाचा एक कण सोडतो, त्याला म्हणायचं फोटॉन. असे अगणित कण मिळून हा उजेड. पण एखादा अणू नेमका कधी खाली येणार, हे कुणाला सांगता येत नाही. सांगता येते ती फक्त शक्यता. ठरावीक वेळात निम्मे खाली येतात, पुन्हा तेवढ्याच वेळात उरलेल्यांतले निम्मे, मग त्या उरलेल्यांतले निम्मे.

एका मुलाने हात वर केला होता. "मॅडम, जो सगळ्यात पहिला वर गेला, त्याचा नंबर पहिला लागणार ना?"

त्याचं काही चुकलं नव्हतं. तेव्हा आपल्याकडे गॅसला नंबर, फोनला नंबर, रॉकेलला नंबर. ज्याने आधी नाव लावलं त्याला आधी मिळायचं, निदान मिळायला हवं होतं. दरवर्षी तुझ्या वर्गातला कुणीतरी हाच प्रश्न विचारायचा आणि तू खूश व्हायचीस.

"इथे नंबर लागत नाही रे बाबा. आत्ता वर गेलेला आणि केव्हाचा वर बसलेला, दोघांची पुढच्या क्षणाला खाली यायची शक्यता अगदी सारखी. अणू म्हातारा होत नाही. आपण किती वेळ थांबलोय, हे त्याच्या गावीही नसतं."

"हे काही पटत नाही बाई," मी कोपऱ्यातून म्हणाले. मुलांसमोर.

"रसायनवाल्यांचं म्हणणं आपण तास संपल्यावर ऐकू," तू म्हणालीस. मुलं फिदीफिदी हसली. मला तुझा असा राग आला होता!

कागदावर पटत नाही म्हटल्यावर तू चिंचोके आणलेस. बदलापूरला तुमच्या घरामागे मोठी चिंच. आई वर्षाची चिंच फोडून मिठात भरून ठेवायच्या आणि चिंचोके फुकट जाऊ नयेत म्हणून अडकित्त्याने त्यांच्या दोन दोन फाकी करून तुला पिशवीभर द्यायच्या. एक बाजू तपकिरी, एक पांढरी. लहानपणी पट खेळताना आपण तेच टाकायचो. तू दर टेबलाला एक सूप दिलंस. चिंचोके सुपात उडवायचे. पांढरी बाजू वर आली की तो अणू खाली आला, त्याने प्रकाश दिला, त्याला बाजूला काढा. उरलेले मोजा आणि पुन्हा उडवा. मुली सराईतासारख्या पाखडत होत्या आणि मुलांचे निम्मे अणू टेबलाखाली. प्राचार्य दारातून डोकावले आणि "आज हळदीकुंकू आहे का?" असं विचारून निघून गेले.

आकडे सगळ्यांचे सुंदर आले. येणारच. आपली मुलं पुस्तकातला आलेख आधी बघतात आणि मग रीडिंग लिहितात. एका मुलीने मात्र जे दिसलं तेच लिहिलं होतं. पहिल्या काही खेपांना निम्मे-निम्मे, आणि मग शेवटचे थोडे चिंचोके हटून बसलेले, काही केल्या पांढरे पडेनात. तू तिच्या जर्नलवर लाल प्रश्नचिन्ह काढलंस. मी तुझ्या खांद्यावरून वाचत होते. मी म्हटलं, "अगं, ती बरोबर आहे. चिंचोके सगळे सारखे कुठे असतात? काही पाठीवर पडणारे, काही पोटावर. पटकन पांढरे पडायचे ते पहिल्या फेऱ्यांत निघून गेले. मागे राहिलेत ते जातीचे चिवट."

सगळ्या टेबलांवरचे शेवटचे उरलेले चिंचोके तू एका सुपात गोळा केलेस आणि उडवलेस. निम्मे सोड, मूठभरही पांढरे पडले नाहीत. पुन्हा उडवलेस. मग तू मटकन स्टुलावर बसलीस आणि खदखदून हसायला लागलीस, त्या मुलीला पूर्ण मार्क दिलेस आणि बाकी सगळ्यांची जर्नलं परत केलीस. तुझी हीच गोष्ट मला फार आवडायची. आपण चुकलो हे कळल्यावर तुझा चेहरा उजळायचा. माझा पडतो.

पण तू हार कुठली मानतेस. "चिंचोके तुझे," तू म्हणालीस, "अणू माझे. अणू सगळे हुबेहूब सारखे असतात. त्यांच्यात चिवट कुणी नसतो."

"हुबेहूब सारखं जगात काही नसतं," मी म्हटलं. "बाटलीवर शुद्ध लिहिलेलं असतं. आत काय असतं ते आम्हाला विचार."

मग त्या शनिवारी तू मला उल्हासनगरच्या बाजारात घेऊन गेलीस, सारखे पासे विकत घ्यायला. खेळण्यांच्या त्या दुकानदाराचा चेहरा मला अजून आठवतो.

"कितने चाहिए, मॅडम?"

"जितने हैं, सब दे दो."

"साईं! कॉलेज में जुगार का क्लास खोला क्या?"

"भाईसाब, मस्करी नको. सब पासे एकदम एक जैसे होना मंगता."

त्याने पिशवीत हात घालून मूठभर प्लास्टिकचे पासे काढले, काउंटरवर पसरले, एकाच्या कडेला आलेला प्लास्टिकचा कंगोरा नखाने खरवडला. "एक जैसे? मॅडम, एक जैसे तो मेरे दो बेटे भी नहीं हैं."

मी तिथेच टाळी वाजवली. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी आणि तो मिळून तुला फसवायला बसलोय. पासे मात्र सगळे घेतलेस.

मग तुझ्या हाताला छातीतली गाठ लागली.

मुंबईत ऑपरेशन झालं. तू परत रुजू झालीस तेव्हा पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायला लागली होतीस आणि फळ्यावर वरपर्यंत लिहिताना तुझा हात थांबायचा. डॉक्टरांनी आपल्या दोघींना आणि आईंना समोर बसवून सांगितलं होतं, "पहिली वर्षं जपायची. पाच वर्षं नीट गेली की भीती पुष्कळ कमी होते." मी तुझ्याकडे बघितलं. डॉक्टर माझ्या बाजूचे निघाले होते. जो टिकतो, तो टिकणारा असतो. आईंनी पाच हा आकडा तेवढा लक्षात ठेवला. दरवर्षी तुझा रिपोर्ट चांगला आला की त्या देवीला नारळ वाहायच्या आणि प्रसादाचं खोबरं माझ्यासाठी डब्यातून पाठवायच्या. मीही ते मनोभावे खायचे. एवढी एम.एस्सी. झालेली बाई!

तू मात्र मोजायला तयार नव्हतीस. तू काय केलंस, तर लूना घेतलीस. पडत-झडत शिकलीस, आणि एका रविवारी मला मागे बसवून बदलापूरहून अंबरनाथकडे निघालीस. चिखलोलीला तेव्हा नुसती शेतं होती. उतारावर तू इंजिन बंद केलंस, पेट्रोल वाचवायला म्हणून, आणि गाडी आवाज न करता खाली सुटली. मी देवाचं नाव घेत होते आणि तू वाऱ्यात ओरडून वाद घालत होतीस.

"शैले, वर्षं निघाली म्हणून मी सुटले असं मानलं ना, तर उद्या काही झालं की मला फसवल्यासारखं वाटेल. त्यापेक्षा आजची शक्यता आज. उद्याची उद्या, तेवढीच. जास्त नाही, कमी नाही."

"समोर बघ! आणि तू अणू नाहीस, मंदा. तू चिंचोका आहेस. चिवट."

"म्हणजे तपकिरी?"

"हो. आणि वाकडीसुद्धा."

तू इतकी हसलीस की गाडी रस्त्यावरून उतरून बांधाला लागली. आपण दोघी तिथेच गवतात बसलो. माझ्या कोपराला खरचटलं होतं आणि तू पदराने ते पुसत होतीस. ती सगळी वर्षं अशीच होती, मंदा. आजारातून उठलेल्या मैत्रिणीबरोबरची वर्षं अशी असतील असं मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी विश्वास ठेवला नसता. तू भीत भीत दिवस काढले असतेस तर मीही तुझ्याबरोबर भीत बसले असते. तू मला त्यातून वाचवलंस, त्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. आपल्यात ती पद्धतच नव्हती.

पाचवा रिपोर्ट चांगला आला तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. सगळ्यांना सांगितलं, आमचा एक जुना वाद मी जिंकलेय, त्याचे पेढे. तुझ्यापुढे बॉक्स धरला.

"पेढा घेते," तू म्हणालीस, "मुद्दा घेत नाही."

सगळे हसले. तू हसली नाहीस. पेढा हातात तसाच धरून तू हळू आवाजात विचारलंस, "मी टिकले याचा आनंद झालाय तुला, की तू बरोबर ठरलीस याचा?"

मी बॉक्स टेबलावर ठेवला आणि निघून गेले. आठवडाभर आपण बोललो नाही. मी माझा डबा लॅबमध्ये, ॲसिडच्या बाटल्यांशेजारी बसून खायचे. मग एक दिवस तू आलीस आणि माझ्यासमोर स्टीलचा डबा ठेवलास. "आईने वालाचं बिरडं पाठवलंय. तिला आपलं भांडण माहीत नाही." आपण दोघींनी मिळून ते खाल्लं आणि परीक्षेच्या पर्यवेक्षणाबद्दल बोललो. तुझा प्रश्न तसाच राहिला. त्याचं उत्तर मला त्याच दिवशी माहीत होतं. मला बरोबर ठरायचं होतं, मंदा, कारण मी बरोबर असणं म्हणजे तू असणं. एवढं एक वाक्य मला बोलता आलं नाही, आणि एरवी माझं तोंड बंद कुठे असतं?

त्यानंतर सगळे निर्धास्त झाले. आई निर्धास्त झाल्या, मी तर झालेच. तुझी पाठ दुखायला लागली तेव्हा आपण स्टाफरूममधल्या खुर्चीला दोष दिला. मी शिपायाकडून तुला दुसरी खुर्ची मागवून दिली. ती खुर्ची चांगली होती, आणि दुखणं हाडात होतं.

शेवटच्या दिवसांत मी तुला भेटायला बदलापूरला आले, तेव्हा तू खिडकीजवळच्या कॉटवर होतीस. हात इतका हलका झाला होता की मला तो नीट धरताही येईना. मी खूप विचार करून आले होते. तुला बरं वाटेल म्हणून मी म्हटलं, "मंदा, तुझंच बरोबर होतं गं. मी हरले."

तुझ्या डोळ्यांत एकदम जुनी मंदा आली. "गप्प बस," तू म्हणालीस. "आजारी माणसाला ग्रेस मार्क देतेस? मी माझ्या पोरांना कधी दिले नाहीत. पटलं असेल तर बोल. पटलंय?"

मला खोटं बोलता आलं नाही. मी मान हलवली, नाही.

"मग ठीक," तू म्हणालीस आणि डोळे मिटलेस. आपलं शेवटचं बोलणं ते.

आता काल काय झालं ते सांगते. मी तुमच्या घरी गेले होते. आई पडवीत एकट्या बसल्या होत्या. मी चहा केला, तो त्यांनी घेतला नाही. बराच वेळ इकडचं तिकडचं झाल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शैला, एक विचारू? खरा सांगशील?"

"विचारा ना, आई."

"पाच वर्सा झाली, मंग मी निवांत झालू गो. गुडघं धरलं होतं. त्या साली देवीचा नारल नाय वाहिला. बोललू, आता काय, आता ती सुटली. त्यानंच झाला का ह्या?"

मंदा, तुझ्या जाण्यापेक्षाही ते ऐकणं मला जड गेलं. ही बाई एवढे दिवस हे पोटात घेऊन बसली होती. आणि तिला निवांत करणारी मी. टिकणारी आहे तुमची पोर, असं तिच्या पायरीवर बसून दरवर्षी सांगणारी मी. माझ्या म्हणण्याप्रमाणे प्रत्येक गोष्टीला कारण हवं, कुठे काही वाकडं असायला हवं. आणि तिने ते कारण स्वतःच्या गुडघ्यात शोधलं होतं.

मी त्यांचा हात घट्ट धरला. "नाही, आई. तसं नसतं ते. त्या दुखण्याला वर्षं मोजता येत नव्हती. किती निघाली, किती उरली, काही माहीत नव्हतं त्याला. नारळ वाहिलात त्या वर्षी ते येऊ शकलं असतं, नाही वाहिलात त्या वर्षीही. तुम्ही काही करायचं राहिलं नाही. कुणाचंच काही राहिलं नाही."

हे मी तुझ्याकडून उसनं घेऊन, धीर द्यायला म्हणून बोलायला लागले होते. बोलता बोलता मला कळलं की मी ते मनापासून म्हणतेय. इतकी वर्षं मला तुझं म्हणणं कोरडं वाटायचं, आणि काल त्या पडवीत त्याच्याइतकी माया दुसऱ्या कशात दिसेना.

आईंनी चहाचा कप जवळ ओढला. मग म्हणाल्या, "मंदा पन असाच बोलायची. मना वाटायचा, आईला समजवायला बोलते." आणि त्यांनी पदराने तोंड पुसून गार झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

मला पटलंय, मंदा. आता खरंच पटलंय, ग्रेस मार्क नाहीत. हे तुला सांगायचं म्हणून मी घाईघाईने त्यांच्या पायऱ्या उतरले आणि फाटकापाशी येऊन थांबले, कारण सांगायला जायचं कुठे ते कळेना. तू असतीस तर काय केलं असतंस ते मला माहीत आहे. मी हो म्हटल्याबरोबर तू तिथल्या तिथे माझी बाजू उचलली असतीस आणि माझ्याशी नव्याने भांडायला उभी राहिली असतीस. मला दुसरं काही नको गं. ये आणि भांड.